वाचकांचे प्रश्न : बेंजामिन बटलर आणि ‘युद्धातला माल’

प्रश्न : महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, हे मी वर्गात अनेक वर्षे सांगत आले. अलीकडे असे वाचनात आले की, तिथल्या यादवी युद्धात एका वकील सेनापतीने पळून आलेल्या गुलामांना ‘माल’ ठरवून त्यांची सुटका केली. हा गृहस्थ कोण होता? आणि माणसाला माल म्हणणे ही मुक्ती कशी म्हणायची?
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : आपण वाचलेली हकीकत खरी आहे. त्या गृहस्थाचे नाव बेंजामिन फ्रँकलिन बटलर. मात्र सुटकेची सुरुवात बटलरने केली नाही, ती तीन गुलामांनी केली, आणि ही गोष्ट त्या क्रमानेच सांगितली पाहिजे असे मला वाटते. तरीही आधी बटलर कोण होता ते पाहू, कारण त्याचे पूर्वायुष्य ठाऊक असल्याशिवाय त्या दिवसाचे नवल कळत नाही.

बटलरचा जन्म ५ नोव्हेंबर १८१८ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील डीअरफील्ड या गावी झाला. तो तान्हा असतानाच वडील वारले. पुढे आई मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल या कापडगिरण्यांच्या शहरात आली आणि गिरणीत काम करणाऱ्या मुलींसाठी खाणावळवजा वसतिगृह चालवू लागली. त्या घरात, त्या मुलींच्या बारा-तेरा तासांच्या पाळ्या डोळ्यांसमोर बघत तो वाढला. १८३८ साली तो पदवीधर झाला, १८४० साली त्याला वकिलीची सनद मिळाली आणि थोड्याच वर्षांत मालकांना धडकी भरवणारा वकील म्हणून त्याचे नाव झाले. एका गिरणी कामगार मुलीच्या थकलेल्या पगारापोटी त्याने थेट गिरणीच्या पाणचक्कीवर जप्ती आणली, अशी गोष्ट त्याच्याविषयी सांगितली जाते. कामाचा दिवस दहा तासांचा असावा ही मागणी त्याने राजकारणातही लावून धरली. मालमत्ता आणि जप्ती यांच्या कायद्यात मुरलेला हा माणूस होता, एवढे इथे लक्षात ठेवावे.

गुलामगिरीच्या प्रश्नावर मात्र त्याच्या नावे सांगण्यासारखे काही नव्हते. तो डेमोक्रॅटिक पक्षाचा होता. १८६० साली चार्ल्सटन येथे पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्याने सत्तावन्न फेऱ्यांत आपले मत मिसिसिपीच्या जेफर्सन डेव्हिस यांना दिले. हेच डेव्हिस पुढच्या वर्षी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचे अध्यक्ष झाले. युद्ध पेटल्यावर बटलर मॅसॅच्युसेट्सच्या स्वयंसेवी फौजेचा ब्रिगेडियर म्हणून बाहेर पडला आणि एप्रिल १८६१ मध्ये मेरीलँडमधील ॲनापोलिस येथे उतरला. तिथे गुलामांच्या उठावाची अफवा कानावर येताच, असा उठाव मोडून काढण्यासाठी आपले सैनिक देऊ, असे त्याने मेरीलँडच्या गव्हर्नरला आपण होऊन कळवले. त्याच्याच राज्याचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी त्याबद्दल त्याला कानपिचक्या दिल्या. ज्या माणसाविषयी आपण विचारता आहात, तो एप्रिलअखेर या जागी उभा होता.

२२ मे १८६१ रोजी तो व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील मन्रो किल्ल्यावर रुजू झाला. व्हर्जिनिया फुटून निघाले असले तरी हा किल्ला केंद्र सरकारच्या ताब्यात राहिला होता. समोरच्या सूअल्स पॉइंट या टोकावर बंडखोर फौज तोफांचा मोर्चा बांधत होती आणि मातीकामाला गुलाम लावले होते. त्यांपैकी फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड या तिघांना मालकाचा बेत कळला. चार्ल्स मॅलरी हा त्यांचा मालक बंडखोर फौजेत कर्नल होता आणि तो त्यांना घरादारापासून दूर, नॉर्थ कॅरोलायनात लष्करी कामासाठी नेणार होता. २३ मेच्या रात्री त्या तिघांनी एक होडी मिळवली आणि खाडी ओलांडून ते किल्ल्याच्या दारात येऊन उभे राहिले. आपल्याला तिथे आसरा मिळेल असे सांगणारे त्यांना कोणी नव्हते. १८५० चा फरारी गुलामांचा कायदा अजून लागू होता आणि त्याप्रमाणे त्यांना बांधून मालकाच्या हवाली करणे हे सरकारी अधिकाऱ्याचे कर्तव्यच होते. इतर काही ठिकाणी लष्करी अधिकारी त्या सुमारास तेच करत होते.

दुसऱ्या दिवशी मेजर जॉन केरी हा मालकाच्या वतीने पांढरे निशाण घेऊन आला आणि त्याने कायद्याचा हवाला देऊन तिघांना परत मागितले. बटलरने सकाळीच त्यांची विचारपूस केली होती, त्यामुळे ते कोणत्या कामावर होते हे त्याला ठाऊक होते. त्याने उत्तर दिले की, तो कायदा अमेरिकेचा आहे, आणि व्हर्जिनिया तर स्वतःला परके राष्ट्र म्हणवते. परक्या राष्ट्राशी माझे त्या कायद्याचे बंधन नाही. केरी म्हणाला, तुमच्या मते आम्ही फुटूच शकत नाही, मग हा कायदा आम्हाला लागू आहेच. त्यावर बटलर म्हणाला, पण तुमच्या मते तुम्ही फुटला आहात, तेव्हा त्या कायद्याचा लाभ तुम्हाला मागता येणार नाही. राहता राहिले हे तिघे. तुम्हीच म्हणता की ते तुमची मालमत्ता आहेत. ती मालमत्ता तुम्ही माझ्यावर रोखलेल्या तोफांच्या कामाला लावली होती. शत्रूचे युद्धसाहित्य म्हणून मी ती ठेवून घेत आहे. मॅलरीने किल्ल्यावर येऊन देशनिष्ठेची शपथ घ्यावी, म्हणजे त्याला त्याचे लोक परत मिळतील, असेही त्याने सांगितले. मॅलरी कशाला येतो! आदल्याच दिवशी, २३ मे रोजी, व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटून निघण्याच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले होते.

शत्रूकडे जाणाऱ्या ज्या मालाला जप्तीचा धोका असतो, त्याला इंग्रजीत कॉन्ट्राबँड म्हणतात. वर्तमानपत्रांनी तो शब्द उचलला आणि काही आठवड्यांत पळून येणाऱ्या प्रत्येक माणसाला ‘कॉन्ट्राबँड’ म्हटले जाऊ लागले. आपल्याला तो शब्द खुपतो, आणि तो खुपलाच पाहिजे. त्या दिवशी किल्ल्यात राहिलेले ते तिघे कायद्याच्या नजरेत गुलामच राहिले, फक्त मालकाच्या हाताबाहेर गेले. आणि मालकाच्या हाताबाहेर जाता येते, ही बातमी त्या टापूतल्या झोपड्याझोपड्यांतून एका रात्रीत पसरली. तीन दिवसांत बायकामुलांसह कुटुंबेच्या कुटुंबे किल्ल्याकडे चालत येऊ लागली.

प्रश्न : मी विधी शाखेचा विद्यार्थी आहे. बटलरचा हा युक्तिवाद कायद्याच्या कसोटीवर टिकला असता का? की तो निव्वळ वेळ मारून नेण्याचा प्रकार होता?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : काटेकोरपणे पाहिले तर हा युक्तिवाद फार काळ टिकला नसता. कॉन्ट्राबँड ही कल्पना मुळात सागरी कायद्यातली आहे. तटस्थ देशाचे जहाज शत्रूकडे दारूगोळा नेत असेल, तर तो माल अडवण्याचा हक्क तिच्यातून मिळतो. जमिनीवर आपल्या पायांनी चालत आलेल्या माणसाला ती लावणे म्हणजे ओढाताणच. दुसरा दोष याहून मोठा होता. फुटून निघणे घटनाबाह्य आहे, म्हणून व्हर्जिनिया अजूनही अमेरिकेचाच भाग आहे, ही अध्यक्ष लिंकन यांची मूळ भूमिका होती, आणि बटलर मात्र त्या राज्याला परके राष्ट्र धरून बोलत होता. वकील या नात्याने आपल्याला त्या तत्त्वाचा कधी फारसा अभिमान वाटला नाही, पण अधिकारी या नात्याने त्याने फार दिलासा दिला, अशा अर्थाचे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

तरीही याला मी वेळ मारून नेणे म्हणणार नाही. आपण ज्याला एस्टॉपेल म्हणून अभ्यासता, त्या तत्त्वाचा गाभा या युक्तिवादात होता: एकदा घेतलेल्या भूमिकेचा फायदा उपटून पुन्हा उलट भूमिकेचाही फायदा मागता येत नाही. शिवाय, गुलाम हा माल नाही असे बटलरने म्हटले असते, तर वॉशिंग्टनने त्याला दुसऱ्याच दिवशी गप्प केले असते, कारण गुलामगिरी असलेली पण न फुटलेली चार राज्ये सांभाळण्याची सरकारला धास्ती होती. त्याने मालकाचाच शब्द मालकाविरुद्ध वापरला, त्यामुळे वरिष्ठांना नाही म्हणायला जागा उरली नाही. युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांनी आठवड्याच्या आत संमती कळवली. पुढे ६ ऑगस्ट १८६१ रोजी काँग्रेसने जप्तीचा पहिला कायदा केला आणि बंडाच्या कामाला लावलेल्या गुलामावरचा मालकाचा हक्क संपतो, हे तत्त्व देशभर लागू झाले.

मला स्वतःला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद वाटतो तो ३० जुलै १८६१ चे बटलरचे कॅमेरॉन यांना लिहिलेले पत्र. तोवर किल्ल्याच्या आश्रयाला ९०० माणसे आली होती आणि त्याने त्यांची मोजदाद दिली आहे: ३०० धडधाकट पुरुष, कष्टाचे वय उलटलेले ३० पुरुष, १७५ स्त्रिया, दहा वर्षांखालील २२५ मुले आणि दहा ते अठरा वयाची १७० मुले. तोफांच्या मोर्च्यावर राबणारा पुरुष युद्धसाहित्य ठरेलही, पण कडेवरच्या पोराला काय म्हणायचे? युक्तिवाद इथे अडला आणि बटलरने ते कबूल केले. त्याने पत्रातच विचारले की, ही माणसे मालमत्ता आहेत का? असतील, तर मालकांनी टाकून दिलेली मालमत्ता ती वाचवणाऱ्याची होते. आणि आम्हाला तर अशी मालमत्ता नको आहे. मग मालकीच संपली असेल, तर देवाने आपल्या प्रतिमेत घडवलेल्या माणसांची जी स्वाभाविक अवस्था, तीच त्यांना प्राप्त झाली असे का मानू नये? मे महिन्यात मालाच्या हिशेबाने सुरू झालेली गोष्ट जुलैअखेर या प्रश्नाशी येऊन पोहोचली. आधी डोळ्यांसमोर माणसे आली आणि विचार त्यांच्यामागून आला. वकिली करताना आपल्यालाही हा अनुभव येईल, म्हणून हे सविस्तर लिहिले.

प्रश्न : इतके चांगले काम करणाऱ्या या माणसाला दक्षिणेत ‘पशू बटलर’ का म्हणत? स्त्रियांविरुद्ध त्याने काही हुकूम काढला होता असे म्हणतात.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काढला होता, आणि त्याचे समर्थन करता येत नाही. १ मे १८६२ रोजी बटलर न्यू ऑर्लिन्सचा लष्करी प्रशासक झाला. कापसाच्या निर्यातीचे ते मोठे बंदर. (युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला, तेव्हाच इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता.) शहर जिंकले होते, पण वश झाले नव्हते. उच्चभ्रू घरांतल्या स्त्रिया रस्त्यात सैनिकांचा पाणउतारा करत, त्यांच्यावर थुंकतसुद्धा. १५ मे रोजी बटलरने आदेश क्रमांक २८ काढला: कोणतीही स्त्री शब्दाने, हावभावाने किंवा कृतीने सैनिकांचा अपमान करील, तर तिला बाजारबसवी समजून तशी वागणूक देण्यात येईल. त्या आदेशाखाली कोणा स्त्रीवर हात टाकला गेला नाही आणि अपमान थांबले, असे त्याचे पाठीराखे सांगत. पण पराभूत शहरातल्या स्त्रियांच्या अब्रूची धमकी सरकारी कागदावर छापणे ही गोष्ट निकालावरून योग्य ठरत नाही. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये पंतप्रधान पामरस्टन यांनीही तिचा धिक्कार केला.

शहर औपचारिकपणे ताब्यात येण्याआधी टाकसाळीवरचा राष्ट्रध्वज उतरवून फाडणाऱ्या विल्यम ममफर्डला त्याने ७ जूनला तिथेच फाशी दिले. डिसेंबरमध्ये जेफर्सन डेव्हिस यांनी जाहीर केले की, बटलर हाती लागल्यास त्याला युद्धकैदी न मानता जागीच फासावर चढवावे. ज्यांना त्याने सत्तावन्न वेळा मत दिले, तेच हे डेव्हिस. त्याचा भाऊ व्यापारात गबर झाला आणि लुटीचा संशय बटलरवरही आला. जप्त घरांतले चांदीचे चमचे त्याने ढापले, असे म्हणून लोकांनी त्याला ‘चमचे’ हे टोपणनाव दिले. गुन्हा त्याच्यावर शाबीत झाला नाही, पण भावाला त्याने आवरले नाही हा दोष उरतोच.

दुसऱ्या पारड्यातही बरेच आहे. १८५३ साली ज्या शहरात पिवळ्या तापाने हजारो माणसे दगावली होती, तिथे त्याने नाले आणि रस्ते साफ करवले, रोगट बंदरांतून येणाऱ्या जहाजांना अडकवून ठेवले आणि त्या उन्हाळ्यात साथ येऊ दिली नाही. बंडासाठी वर्गणी देणाऱ्या श्रीमंतांवर पट्टी बसवून त्या पैशांतून गोरगरिबांना अन्न आणि काम दिले. आणि त्याचे मत पुन्हा एकदा बदलले. त्याच्या हाताखालचे जनरल जॉन फेल्प्स यांनी काळ्या लोकांना शस्त्रे द्यावीत असा आग्रह धरला, तेव्हा बटलरने नकार दिला आणि फेल्प्स यांनी राजीनामा दिला. पण थोड्याच आठवड्यांत बटलरने स्वतः ती भरती उघडली आणि सप्टेंबर १८६२ मध्ये ‘नेटिव्ह गार्ड्स’ची पहिली पलटण उभी राहिली. फेल्प्स यांच्यावर अन्याय झाला, असे माझे मत आहे.

प्रश्न : युद्धानंतर त्याचे काय झाले?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सेनापती म्हणून तो सामान्यच होता. बिग बेथेल, बर्म्युडा हंड्रेड आणि फिशर किल्ला ही त्याच्या अपयशाची ठिकाणे, आणि जानेवारी १८६५ मध्ये त्याला घरी पाठवण्यात आले. मात्र २९ सप्टेंबर १८६४ रोजी न्यू मार्केट हाइट्सच्या लढाईत त्याच्या सैन्यातील काळ्या पलटणींनी बंडखोरांचा मोर्चा सर केला. त्या दिवसाच्या शौर्यासाठी चौदा काळ्या सैनिकांना देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. बटलरने स्वतःच्या खर्चाने त्या सैनिकांसाठी वेगळे चांदीचे पदकही पाडून घेतले. लढाईनंतर प्रेतांच्या मधून घोडा काढताना घेतलेली शपथ त्याने पुढे जानेवारी १८७४ मध्ये प्रतिनिधिगृहात सांगितली: या लोकांच्या हक्कांसाठी मी उभा राहीन. ते भाषण नागरी हक्कांच्या विधेयकावर होते.

त्यावेळी तो रिपब्लिकन पक्षात होता. १८६८ साली अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला तेव्हा अभियोक्त्यांचे सुरुवातीचे भाषण त्याने केले. खटला एका मताने हुकला. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेच्या दहशतीविरुद्धच्या १८७१ च्या कायद्यामागेही तो होता. नागरी हक्कांचा कायदा मार्च १८७५ मध्ये मंजूर झाला आणि खाणावळी, नाटकगृहे, गाड्या यांत रंगावरून अडवणे बेकायदा ठरले. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. काँग्रेस सदस्यांचे वेतन मागील तारखेपासून वाढवण्याच्या १८७३ च्या ठरावातही बटलर पुढे होता आणि त्याची बदनामी त्याला पुरेपूर लाभली, हेही नोंदवले पाहिजे.

१८८३ साली तो एक वर्ष मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होता. हार्वर्ड विद्यापीठ राज्याच्या गव्हर्नरला मानद पदवी देत असे, ती त्याला नाकारण्यात आली. त्याच वर्षी त्याने जॉर्ज रफिन यांना न्यायाधीश नेमले. त्या राज्यातले ते पहिले काळे न्यायाधीश. १८८४ साली अध्यक्षपदासाठी छोट्या पक्षांतर्फे उभा राहिला, तेव्हा त्याला सुमारे पावणेदोन लाख मते पडली. ११ जानेवारी १८९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये तो वारला आणि त्याला लोवेलमध्ये पुरण्यात आले. आणखी एक गोष्ट राहिली. ज्या ममफर्डला त्याने फाशी दिले, त्याची विधवा पुढे हलाखीत सापडली, तेव्हा बटलरने तिला वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरी मिळवून दिली.

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून व्हर्जिनियात राहतो आणि मुलांना मन्रो किल्ला दाखवणार आहोत. तिथे पळून आलेल्या लोकांचे पुढे काय झाले, ते त्यांना सांगायचे आहे.
— एक वाचक, रिचमंड

उत्तर : किल्ला ज्या टोकावर आहे, त्या पॉइंट कम्फर्टवरच ऑगस्ट १६१९ मध्ये इंग्रजांच्या व्हर्जिनियातले पहिले आफ्रिकी बंदी उतरवले गेले होते, हे मुलांना आधी सांगावे. ते तिघे ज्या रात्री आले, ती त्यानंतर २४२ वर्षांनी. त्यांना पहिले काम मिळाले ते किल्ल्यातली नवी भटारखान्याची इमारत बांधण्याचे. २०११ साली त्या किल्ल्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

नंतर शेजारच्या हॅम्प्टन गावाकडे जावे. ऑगस्ट १८६१ मध्ये बंडखोरांनी ते गाव जाळून टाकले. पळून आलेल्यांनी त्याच राखेत उभ्या राहिलेल्या धुराड्यांना आधार करून, जळकी लाकडे वेचून झोपड्या उभारल्या आणि आपली वस्ती वसवली. त्यांना मजुरी कबूल केली जाई आणि ती पुष्कळदा वेळेवर मिळत नसे. सरकारच्या आश्रयाची ही बाजूही मुलांपासून लपवू नये. व्हर्जिनियाच्या १८३१ च्या कायद्याने काळ्या लोकांना एकत्र जमवून शिकवण्यावर बंदी होती. हॅम्प्टनच्या मेरी पीक या जन्माने स्वतंत्र असलेल्या काळ्या स्त्रीने तरीही गुपचूप शिकवण्या चालवल्या होत्या. सप्टेंबर १८६१ मध्ये त्यांनी उघडपणे शाळा सुरू केली. दिवसा मुले येत आणि रात्री काम संपवून मोठी माणसे येत. क्षयाने अंथरुणाला खिळल्या तरी त्या शिकवत राहिल्या आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये गेल्या. त्यांनी पहिले धडे ज्या ओकच्या झाडाखाली दिले असे सांगतात, त्याच झाडाखाली १८६३ साली लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा वाचून दाखवला गेला आणि त्याच वर्षी बटलरच्या नावाने जवळच मोठी शाळा बांधली गेली. झाड हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात आजही उभे आहे. फांद्या इतक्या पसरल्या आहेत की, एक अख्खा वर्ग त्याच्या सावलीत सहज बसेल.